पुरण खाल्लेलं इंजिन

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे पुढं गैरसमज नको. लेथवर हात चालवण्यात या शाम राठोडला अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात तोड नाही! एकतीस वर्षं मी एसटीच्या वर्कशॉपमध्ये टर्नर होतो. ड्रायव्हर रिटायर झाले, गाड्या भंगारात गेल्या, पण मी बसवलेला बुश जागचा हलला नाही. केसाच्या जाडीची चूक मला नुसत्या बोटानं कळते. माणसांच्या बाबतीतली चूक कळायला मला जरा वेळ लागतो, पण ते पुढं येईलच.

रिटायर झाल्यावर माणसं काय करतात? कोणी सकाळी फिरायला जातं, कोणी शुगर तपासतं, कोणी दुसऱ्याच्या सुनांची चौकशी करतं. मी लेथ घेतली! कापसाचं एक जुनं जिनिंग बंद पडलं होतं, तिथल्या लिलावात ती मला सापडली. साडेपाच फूट लांब, गंजलेली, पण हाडापेरानं मजबूत. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून तिला बोरी अरबला घरी आणली, तेव्हा वाटभर मी तिच्या शेजारी उभा होतो.

दारात पाहतो तर बायको, हंसा, आरतीचं ताट घेऊन तयार! मला भरूनच आलं. चौतीस वर्षांच्या संसारात माझ्या कुठल्याही खरेदीला तिनं ओवाळलं नव्हतं. तिनं लेथला कुंकू लावलं, ओवाळलं, नारळ फोडला आणि मग तिच्याभोवती एक चक्कर मारून विचारलं,

"अवो, मिरच्या कोठून टाकाच्या?"

त्याचं असं झालं होतं. हंसा आमच्या गल्लीतल्या बचत गटाची अध्यक्ष आणि शेजारची बबिता सचिव. दोघी सख्ख्या मैत्रिणी. मधल्या भिंतीवरून वाटीभर साखर, गंजभर ताक आणि पोतंभर बातम्या रोज इकडून तिकडं जायच्या. दोघींना आमच्या अंगणातल्या टिनाच्या शेडमध्ये मसाल्याची चक्की टाकायची होती. "मशीन आणून राह्यलो" एवढंच मी फोनवर बोललो होतो.

"मिरच्या नाई टाकत याच्यात," मी म्हणालो. "लेथ हाये हे. लोखंड कापते."

"आपल्या घरी लोखंड कोण खाते?"

बबिता भिंतीवरून वाकून पाहत होती. तिनं फक्त डोक्याला हात लावला.

संध्याकाळी रूपसिंग आला. हा माझा शाळेपासूनचा दोस्त, मास्तर होऊन रिटायर झालेला, आणि आता गावातल्या तान्ह्या पोळ्याच्या मंडळाचा अध्यक्ष. पांढऱ्याशुभ्र कपड्यांशिवाय हा माणूस घराबाहेर पडत नाही आणि माइक दिसला की घरी जात नाही. शेडमध्ये येऊन त्यानं लेथला बोटानं टकटक केलं.

"शाम्या, या उमरीत हे घेऊन करशीन काय तू?"

"वाफेचं इंजिन करन!"

माझ्या तोंडून ते असं फटकन निघून गेलं. पण खोटं नव्हतं. मी सात वर्षांचा असताना बा मला दारव्ह्याला घेऊन गेलता. तिथं छोट्या रुळांवर काळं इंजिन उभं होतं, तापलेलं, फुसफुसणारं. ड्रायव्हरनं मला उचलून शिट्टीची साखळी ओढू दिली. त्या दिवसापासून आजपर्यंत माझ्या मनात ते इंजिन तसंच उभं आहे, आणि एकतीस वर्षं डिझेलच्या गाड्यांचे बुश घासताना मी त्याच्याच शिट्टीचा विचार करत होतो.

"इंजिन करशीन अन् जोडशीन कायले?" रूपसिंग हसला.

"बैलाले!" मी म्हणालो. "तुह्या तान्ह्या पोळ्याले सगळे पोट्टे लाकडी बैल दोरीनं ओढतेत ना? माहा बैल बिनादोरीचा चालन. वाफेवर!"

आमच्याकडं पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान मुलांचा पोळा असतो. खरे बैल गोठ्यात आराम करतात आणि पोरं चाकांवरचे लाकडी बैल सजवून गावभर फिरवतात. दारोदार बायका त्या बैलांची पूजा करतात, पोरांच्या हातावर बोजारा म्हणून खाऊ, नाणी ठेवतात. शेवटी शाळेच्या मैदानात तोरणाखाली बक्षिसं.

"अन् नाई चालला तं?" दारातून आवाज आला. हंसा चहा घेऊन उभी होती.

आता या प्रश्नाला शहाण्या माणसानं "पाहू" म्हणायचं असतं. मी म्हणालो,

"नाई चालला तं लेथ भंगारात! अन् शेड तुमच्या चक्कीले!"

"रूपसिंगभाऊ, ऐकलं ना?" हंसानं शांतपणे चहा ठेवला. "तुमी साक्षीदार."

भिंतीपलीकडून बबिताही म्हणाली, "म्या बी ऐकलं!"

झालं! जानेवारीपासून मी कामाला लागलो. आठ महिने हातात होते. तांब्याच्या नळ्याचा बॉयलर केला, पितळेनं जोडला. कापसाच्या जिल्ह्यात वातींना काय तोटा? स्पिरिटचा दिवा केला, चार वातींचा. चाकांचे धुरे घासले, दातेरी चाकं कापली. दिग्रसच्या एका सुतारानं सागवानाचा बैल करून दिला, शेळीएवढा, पोट पोकळ. वशिंडाखाली सुरक्षेचा व्हॉल्व बसवला, वाफ जास्त झाली की शिट्टी वाजून ती बाहेर जाईल असा. आणि सिलिंडरमधली वापरलेली वाफ बाहेर काढणारी नळी मी मानेतून नेऊन जिभेखाली सोडली. बैल चालेल तसा तोंडातून श्वास टाकेल, फुस्स, फुस्स! या नळीचा मला फार अभिमान होता. ती नीट लक्षात ठेवा.

अडलं कुठं, तर सिलिंडर आणि फ्लायव्हीलपाशी, म्हणजे इंजिनाची गती टिकवणाऱ्या जड गोल चाकापाशी. दोन्हीला चांगलं जाड, ठोस पितळ हवं. नागपूरहून मागवलेला पहिला तुकडा कापला तर आत बुडबुड्यांची भोकं! दुसरा मागवला. मार्च गेला, एप्रिल गेला. फोन केला की दुकानदार म्हणायचा, "निघाला, काका, निघाला." मे महिनाही निघाला, पितळ काही निघालं नाही.

जूनच्या एका दुपारी मी पंख्याखाली आडवा पडून माळ्याकडं बघत होतो. आणि मला तो दिसला.

हंसाचा खलबत्ता!

लग्नात तिच्या वडिलांनी, धावजी जाधवांनी दिलेला. खल म्हणजे तळाला तीन बोटं जाडीचं पितळ, आणि बत्ता म्हणजे मनगटाएवढा भरीव दांडा. मिक्सर आल्यापासून त्याला कोणी हात लावला नव्हता. वर धूळ, आत एक मेलेलं झुरळ. मी स्टुलावर चढलो. फक्त पाहावं म्हणून. खाली घेतला, फक्त वजन करावं म्हणून. शेडमध्ये नेला, फक्त मोजमाप घ्यावं म्हणून. लेथच्या जबड्यात, चकमध्ये धरला, फक्त गोल फिरतो का बघावं म्हणून. आणि एकदा चकमध्ये धरलेली वस्तू न कापता काढणं हे टर्नरच्या रक्तात नसतं!

काय पितळ होतं ते! टूल लागताच सोन्यासारखे छिलके उडायला लागले. बत्त्यातून सिलिंडर आणि पिस्टन निघाला. पिस्टन सिलिंडरमध्ये सोडला की आपल्या वजनानं, हळूहळू उसासा टाकत खाली जायचा. एवढं नेमकं काम मी नोकरीत एकदाही केलं नव्हतं. खलाच्या तळातून फ्लायव्हील काढलं. फक्त एका ठिकाणी माझा हात थांबला. तळाच्या बाहेरच्या बाजूला अक्षरं कोरलेली होती: 'चि. हंसा हिस लग्नानिमित्त, धावजी जाधव यांजकडून'. आपल्याकडं भांड्यावर नाव घातल्याशिवाय ते दिल्यासारखं वाटत नाही ना! सासरे जाऊन बारा वर्षं झाली. त्यांचं नाव टूलखाली घालायची माझी हिंमत झाली नाही. मी ती बाजू तशीच ठेवली आणि फ्लायव्हील बसवताना आतल्या अंगाला फिरवली. बैलाच्या पोटात वाकून कोण वाचणार आहे?

आठ दिवसांनी आमची लेक वर्षा बाळंतपणाला घरी आली.

"डिंकाचे लाडू करा लागतीन," हंसा म्हणाली. "सुंठ मिक्सरमधी फिरवली का तिचा जीव जाते. कुटलीच पाह्यजे." आणि ती माळ्यावर चढली.

मी शेडमध्ये गेलो. आवाज येत होते. डबे सरकले, पत्रे वाजले, दोन पराती खाली पडल्या. मग हंसाचा आवाज भिंतीकडून:

"बबिता! खलबत्ता कोठी हाये व माहा?"

"कोणता?"

"कोणता म्हणते! मांगच्या साली मोहरी कुटाले नेलता तू."

"अन् चार दिवसांत आणून देलता!"

"देला असता तं माळ्यावर असता ना! त्याले काय पाय फुटले?"

पाय नाही, चाकं फुटली होती. आणि ते सांगायची हीच वेळ होती. मी शेडच्या दारापर्यंत आलोही. तेवढ्यात हंसा म्हणाली, "माह्या बापाची निशाणी हाये ते! ज्यानं नेली असंल त्याचे हात झडतीन!" मी माझ्या हातांकडं पाहिलं. दहाही बोटं जागेवर होती, ती तशीच राहावीत असं वाटलं. मी परत आत गेलो आणि कानस घेऊन उगाच एक खिळा घासत बसलो.

अर्ध्या तासात चौदा वर्षांची मैत्री मोडली. साखर बंद, ताक बंद, बातम्या बंद. वर्षाला मुलगी झाली तेव्हा बबिता दवाखान्यात आली, बाळाला पाहिलं, वर्षाच्या केसांवरून हात फिरवला आणि हंसाकडं न बघता निघून गेली. घरी येऊन हंसा तोंड धुण्याच्या निमित्तानं बराच वेळ मोरीत होती. तिचे डोळे लाल झालेले मला दिसले. मला फार लाज वाटली. अध्यक्ष आणि सचिव बोलेनात म्हटल्यावर बचत गटाची चक्कीही बारगळली. म्हणजे माझी शेड आपोआप वाचली! चोर मी, आणि फायदाही माझाच. रोज रात्री जेवताना सांगायचं ठरवायचो, पण इंजिन संपत आलं होतं. म्हटलं, एकदा पोळा होऊन जाऊ दे, मग सगळं सांगून टाकू.

पोळ्याच्या आदल्या आठवड्यात शेडमध्ये पहिली चाचणी घेतली. दिवा लावला, वाफ झाली, मी व्हॉल्व उघडला. बैल हलला! फुस्स, फुस्स करत तो पाच फूट चालला आणि लेथला जाऊन टेकला. मी खाली बसलो आणि चक्क रडलो. वर्षा धावत आली, "बा, काय झालं?" "काई नाई," म्हटलं, "डोळ्यात छिलका गेला."

तान्ह्या पोळ्याचा दिवस उजाडला. स्पर्धा बारा वर्षांखालच्या मुलांसाठी, म्हणून मी नातीच्या नावानं बैल नोंदवला. तिचं वय दोन महिने. ती आईच्या मांडीवर झोपलेली आणि तिच्या वतीनं मी, वय एकसष्ट, फेटा बांधून पोरांच्या रांगेत उभा! माझ्या पुढं मोरपीस लावलेला बैल घेऊन एक पाच वर्षांचा पोट्टा होता. तो मला म्हणाला, "आजोबा, तुमी लायनीत घुसू नका."

मैदानाआधीचा शेवटचा थांबा आमचीच गल्ली. इथं मी बैलाच्या मागं बसून दिवा पेटवायला लागलो, मैदानात पोचेपर्यंत वाफ तयार व्हावी म्हणून. तेवढ्यात हंसा ताट घेऊन आली. बैलाचे पाय धुतले, कुंकू लावलं आणि पुरणाचा गोळा उचलला.

"अवं, त्याच्या तोंडात नको घालू," मी खालून ओरडलो. "कपाळाले लाव नुसता."

"वारे वा! पोळ्याच्या सणाले बैल दारातून उपाशी धाडू?"

"लाकडी हाये तो! पोटात आग हाये त्याच्या!"

"मंग तं जास्तच भूक लागली असंल."

वारा होता, वाती विझत होत्या. मी दोन्ही हातांनी आडोसा धरून खाली मान घालून बसलो होतो. वर काय चाललंय ते मला दिसत नव्हतं, फक्त ऐकू येत होतं. हंसा गेली तशी दुसरी पावलं आली. बबिता!

"खाय रे राजा," ती बैलाला म्हणाली. "कोणाच्या घरचं पुरण मिळमिळीत असते, आमच्या घरी गूळ मोजून नाई टाकत."

हंसा परत फिरली. तीही बैलालाच म्हणाली, "खाय रे राजा, खाय. लोकाच्या वस्तू वापस न करणाऱ्याच्या घरचं खाऊन पोट दुखते. त्याच्यावर हे घे."

"अजून घे! आळ घेणाऱ्याच्या हातचं पचत नसते!"

"हे बी घे!"

"अन् हे बी! अंगठ्यानं आत लोटतो, थांब!"

दोन महिन्यांत दोघी पहिल्यांदा बोलत होत्या, आणि तेही माझ्या बैलामार्फत. मला इतकं बरं वाटलं की पुरण कुठं चाललंय हा विचारच मनात आला नाही. चारही वाती पेटल्या. मी समाधानानं उठलो. बैलाचं तोंड कोणीतरी ओल्या फडक्यानं स्वच्छ पुसलेलं होतं.

मैदानात सगळं गाव जमलं होतं. तोरण बांधलं होतं, खाली पोरांचे पन्नासेक बैल. पांढऱ्या झब्ब्यातला रूपसिंग माइकवर.

"अन् आता, गावकरी हो, आपले शामराव! यायनं शब्द देला होता का बैल बिनादोरीचा चालन. नाई चालला तं लेथ भंगारात! साक्षीदार म्या सोता हाये! चला, शामराव!"

मी बैल मध्यभागी ठेवला. समोर पहिल्या रांगेत हंसा, शेजारी बाळाला घेऊन वर्षा, चार खुर्च्या सोडून बबिता. मी व्हॉल्व उघडला.

काही नाही.

आणखी उघडला. बैलाच्या पोटात एकदा 'गुडुक' झालं आणि परत शांत.

"रवंथ करून राह्यला काय?" रूपसिंग माइकवर म्हणाला. अख्खं मैदान हसलं. मोरपीसवाला पोट्टा म्हणाला, "आजोबा, दोरी देऊ?"

आठ महिन्यांची मेहनत, एकतीस वर्षांचं नाव, आणि ती लेथ भंगारवाल्याच्या गाडीत चढताना डोळ्यांपुढं दिसायला लागली. मी दिव्याच्या वाती वर केल्या. व्हॉल्व पूर्ण उघडला. वशिंडाखालून सुरक्षेची शिट्टी वाजायला लागली.

"हंबरला! हंबरला!" पोरं नाचायला लागली.

रूपसिंग माइक घेऊन खाली उतरला आणि बैलाच्या थेट तोंडापुढं वाकला. "बोल बाबा, तुले तकलीफ तरी काय—"

धप्प!

बैलानं तोंड मोकळं केलं. दोन घरचं पुरण, गूळ मोजून टाकलेलं आणि न मोजता टाकलेलं, वाफेवर छान गरम होऊन, रूपसिंगच्या चष्म्यावर, मिश्यांवर आणि पांढऱ्या झब्ब्यावर एकदम बसलं! लाउडस्पीकरमधून सगळ्या गावाला "याऽऽ" असा आवाज ऐकू गेला.

नळी मोकळी झाली, व्हॉल्व पूर्ण उघडा, आणि बैल सुटला! मी त्याला चालण्यासाठी बनवला होता हो, पळण्यासाठी नाही! फुसफुसफुसफुस करत तो तोरणाखालून गेला, पोरं किंचाळत बाजूला झाली, मोरपीसवाला बैल आडवा झाला. मी फेटा धरून मागं धावतोय, माझ्यामागं पन्नास पोरं धावताहेत, आणि त्यांच्यामागं आंधळा झालेला रूपसिंग, "पकडा त्याले, पकडा!" असं माइकवरच ओरडत. हापशीच्या ओट्यावर बैलाची धडक बसली. सागवानाचं पोट उकललं. बॉयलरमधलं पाणी जमिनीवर सांडलं, दिवा विझला, सगळं थांबलं.

एक वस्तू सोडून.

फ्लायव्हील धुऱ्यावरून सुटलं होतं. ऊन पडलं होतं, पितळ चकाकत होतं. ते सरळ, अजिबात न डगमगता (काम कोणाचं होतं!) पहिल्या रांगेकडं निघालं. हंसाच्या खुर्चीपुढून गेलं, थोडं वळलं, बबिताच्या पायापाशी जाऊन गोल गोल फिरलं आणि आडवं पडलं. कोणती बाजू वर आली, ते सांगायला नको.

मी तिथपर्यंत पोचायच्या आत रूपसिंगनं ते उचललं. चष्मा पुसून त्यानं ते डोळ्यांजवळ नेलं आणि मास्तरच्या खणखणीत आवाजात माइकवर जाहीर केलं,

"पाहा मंडळी! इंजिनावर कंपनीचं नाव बी हाये! थांबा, वाचतो. चिरंजीव हंसा हिस... लग्नानिमित्त... धावजी जाधव..."

इथं तो थांबला. मास्तर होता, अर्थ कळल्यावर थांबणं त्याला भाग होतं. पण तोवर गावभर ऐकू गेलं होतं.

हंसा उठली. माझ्याकडं पाहिलं. ती रागावली की मराठी सोडून आमच्या बंजाऱ्यांच्या गोरबोलीत जाते. त्या दिवशी ती गोरबोलीत गेली आणि बराच वेळ परत आली नाही. मी कोण आहे, माझे पूर्वज कोण असावेत आणि माझ्या हातांचं काय व्हायला हवं हे तिनं सांगितलं. भाषांतर करत नाही.

"हंसा," मी सगळ्यांसमोर म्हणालो, "म्या घेतला. म्याच. बबितानं तं वापस देलता. दोन महिने सांगतो सांगतो म्हणत राह्यलो, पण हिंमत नाई झाली. चुकलं माहं."

मग ती वळली. बबितापुढं जाऊन उभी राहिली.

"म्या तुले काय काय बोललो व," हंसा तिचा हात धरून म्हणाली.

"मले नाई," बबिता डोळे पुसत म्हणाली. "तू तं बैलाले बोलली."

आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून हसायला लागल्या, रडायला लागल्या, मग परत हसायला लागल्या. माझ्या छातीवरचा दोन महिन्यांचा दगड उतरला. पण हे सुख फार टिकलं नाही, कारण हसून झाल्यावर दोघी एकदम माझ्याकडं वळल्या.

तिथल्या तिथं, हापशीच्या ओट्यावर, बचत गटाची बैठक भरली. रूपसिंगला साक्षीदार म्हणून बोलावलं. त्यानं मिशीतलं पुरण चाटत निकाल दिला, की बैल बिनादोरीचा हलला हे खरं, सबब लेथ भंगारात जाणार नाही. मी उडी मारायच्या बेतात होतो.

"लेथ राहू द्या," हंसा म्हणाली. "नाईतं माहा खलबत्ता कोण करन? पण शेडमधी आमची चक्की येईन. पुढच्या सोमवारी!"

"मंजूर!" सचिव म्हणाल्या.

अशी चक्की आली. आता शेडच्या अर्ध्या भागात मी लोखंड कापतो आणि अर्ध्या भागात हंसा अन् बबिता मिरच्या कुटतात. केसाच्या जाडीचं माप घ्यायला वाकलो की शिंक येते आणि माप बोटभर चुकतं. चक्कीचा पट्टा तुटला की दुरुस्त मीच करायचा. नातीला मंडळानं उत्तेजनार्थ बक्षीस दिलं, प्लॅस्टिकची बादली. आणि हो, पोळ्याच्या तिसऱ्या दिवशी नागपूरहून पितळ आलं! दुकानदार फोनवर म्हणाला, "म्हटलं नव्हतं का काका, निघालंय म्हणून?"

त्या पितळाचा मी खलबत्ता केला. एवढा सुबक, की बत्ता खलात सोडला तर घंटेसारखा वाजावा. हंसानं तो दोन्ही हातांत तोलला, उलटा करून पाहिला आणि म्हणाली, "नाव कोठी हाये? बिनानावाचं भांडं म्या घेत नसतो." मग वर्षाकडून एक कागद लिहवून घेतला आणि माझ्या खिशात घातला.

दारव्ह्याच्या बाजारात भांड्यांवर नावं घालणारा गोविंदा बसतो. मी खलबत्ता त्याच्यापुढं ठेवला, कागद दिला. त्यानं सवयीनं मशीनची सुई टेकवली.

"काय टाकू काका, सप्रेम भेट?"

"कागदावर हाये ते टाक."

त्यानं वाचलं. परत वाचलं. मग मोठ्यानं वाचलं, आजूबाजूच्या दोन गिऱ्हाइकांनाही ऐकू जाईल असं: "पयला खलबत्ता बबितानं नेला नव्हता."

"बरोबर."

"मंग कोणं नेलता?"

मी कागद घेतला, उलटा केला आणि दुसऱ्या बाजूचा मजकूर त्याच्यापुढं धरला. तो त्यानं मोठ्यानं वाचू नये म्हणून मात्र मला त्याला चहा पाजावा लागला.